पायऱ्या हरवलेलं कोर्ट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात हा सल्ला पाळायला काहीच कष्ट पडत नाहीत. तिथल्या जुन्या काउंटी कोर्टाच्या दर्शनी दाराला पायऱ्याच नाहीत. एकेकाळी होत्या. त्या कुठे गेल्या, हे सांगता सांगता या इमारतीचा आणि तिच्याआधीच्या दोन इमारतींचा बराचसा इतिहास सांगून होतो.

ग्रँट स्ट्रीटवर उभं राहिलं की समोर गुलाबी झाक असलेल्या ग्रॅनाइटची एक अवाढव्य इमारत दिसते. गोल कमानी, उतरती छपरं आणि मधोमध सुमारे २५० फूट उंचीचा मनोरा. अमेरिकेतल्या वास्तुकलेच्या इतिहासाचं पुस्तक घ्या, यातल्या एखाद्या तरी कमानीचा फोटो त्यात सापडेल. एवढं वाचून गेलेला माणूस मोठ्या अपेक्षेने दारातून आत शिरतो आणि बुटक्या, जाडजूड, काहीशा अंधाऱ्या दालनात येऊन थबकतो. तळघरात आल्यासारखं वाटतं. वाटण्याचा प्रश्नच नाही, ते तळघरच आहे. इमारत बांधणाऱ्याने पाहुण्यांना या दाराने आत आणायचं कधीच ठरवलं नव्हतं.

पण आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू, नाहीतर कोर्टासाठी एवढा थाट कशाला हे कळणार नाही.

जिल्हा, पण आपल्यासारखा नाही

अमेरिकेत राज्याच्या खालचा प्रशासकीय तुकडा म्हणजे काउंटी. आपल्या जिल्ह्याशी तिची तुलना करता येते, पण एक मोठा फरक आहे. आपला जिल्हाधिकारी सरकार नेमतं. काउंटीचा कारभार पाहणारे लोक तिथले मतदार निवडून देतात. शेरीफ, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा अधिकारी, तोही निवडून येतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात तर काउंटीच्या कोर्टाचे न्यायाधीशही निवडणुकीला उभे राहतात. मुदत दहा वर्षांची. ती संपली की मतदारांना एवढंच विचारतात, यांना ठेवायचं की नाही? न्यायाधीशाने मतं मागायची ही कल्पना आपल्याला पचणार नाही, आणि तिथेही तिच्यावर टीका होतच असते.

काउंटीचं कोर्ट म्हणजे नुसती खटले चालवायची जागा नव्हती. जमिनीचे दस्त, मृत्युपत्रं, कराचा हिशेब, शेरीफची कचेरी, सगळं एकाच छपराखाली. आपल्याकडचं सत्र न्यायालय, दस्त नोंदणी कार्यालय आणि कोषागार एकत्र केलं, तर चित्र बरंचसं जमेल. हे कोर्ट ज्या गावात, ते काउंटीचं मुख्य ठिकाण. त्या मानासाठी गावागावांत भांडणं व्हायची, कारण कोर्टामागून वकील येतात, वकिलांमागून खाणावळी, आणि पक्षकाराला दोन रात्री तरी गावात राहावंच लागतं. तालुक्याच्या ठिकाणाचा भाव ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

पिट्सबर्ग ज्या काउंटीत आहे ती ॲलेघेनी काउंटी. तिची स्थापना २४ सप्टेंबर १७८८ ची. त्याआधी हा मुलूख वेस्टमोरलंड काउंटीत मोडायचा आणि तिचं कोर्ट हॅनाज टाउन नावाच्या वस्तीत, ओंडक्यांच्या घरात चालणाऱ्या एका खानावळीत भरायचं. १७७३ साली सुरू झालेलं हे कोर्ट ॲलेघेनी डोंगररांगेच्या पश्चिमेचं पहिलं इंग्रजी पद्धतीचं कोर्ट मानतात. जुलै १७८२ मध्ये सेनेका या मूळ अमेरिकन जमातीचे योद्धे आणि त्यांच्यासोबत आलेले ब्रिटिश पक्षाचे लोक यांनी ती वस्ती जाळली.

कोर्ट जवळ असणं किती महत्त्वाचं, हे १७९४ मध्ये सगळ्या देशाला कळलं. केंद्र सरकारने दारूच्या भट्ट्यांवर कर बसवला होता. इकडच्या शेतकऱ्यांचं सगळं अर्थकारण त्या भट्टीवर. धान्य डोंगरापार न्यायचं तर भाडंच जास्त व्हायचं, म्हणून धान्याची व्हिस्की करायची आणि ती खेचरांवर लादायची. कर चुकवणाऱ्यांवर समन्स निघाली, ती फिलाडेल्फियाच्या केंद्रीय कोर्टात हजर राहण्याची. म्हणजे डोंगर ओलांडून जवळजवळ ५०० किलोमीटर. खटला जिंकला तरी तेवढ्यात शेत बुडणार. कराइतकाच राग या फेऱ्याचा होता. बंड झालं आणि ते मोडायला स्वतः अध्यक्ष वॉशिंग्टन फौज घेऊन निघाले. ‘आमचा खटला आमच्या दाराशी चालवा’ ही मागणी काउंटी कोर्टाच्या मुळाशी आहे. घरापासून घोड्यावर एका दिवसात पोचता यावं, हा अमेरिकेत अनेक ठिकाणी काउंटीच्या आकाराचा हिशेबच होता.

बाजारातलं कोर्ट, टेकडीवरचं कोर्ट

पिट्सबर्गमधली कोर्टाची पहिली स्वतःची इमारत १७९० च्या दशकात भर बाजारचौकात बांधायला घेतली. विटांची, दुमजली, माथ्यावर छोटा मनोरा. समोर भाजी आणि मांस विकणारे, आत न्यायाधीश. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. बाजाराच्या दिवशी शेतकरी गावात येणारच, मग त्याच फेरीत दस्तही करून घ्यावा.

शहर वाढलं तसं हे कोर्ट अपुरं पडलं. १८३० च्या दशकात काउंटीने गावाबाहेरच्या टेकडीवर जागा घेतली. टेकडीचं नाव ग्रँट्स हिल. १७५८ मध्ये फ्रेंचांच्या किल्ल्यावर चालून आलेला ब्रिटिशांचा मेजर जेम्स ग्रँट इथे सपाटून हरला आणि पकडला गेला. हरलेल्या माणसाचं नाव टेकडीला, रस्त्याला आणि पुढे शहराच्या सगळ्या सत्ताकेंद्राला चिकटलं, हे मला फार गमतीचं वाटतं.

दुसरं कोर्ट बांधलं जॉन चिस्लेट या इंग्लंडहून आलेल्या वास्तुविशारदाने, १८३६ ते १८४१ च्या दरम्यान. ते ग्रीक देवळासारखं होतं. पुढे खांबांची रांग, वर घुमट. त्या काळात अमेरिकेत बँक, चर्च, शाळा, जे काही बांधायचं ते ग्रीक देवळासारखंच, अशी लाटच होती. ग्रीस नुकताच तुर्कांपासून स्वतंत्र झाला होता आणि आपली लोकशाही थेट अथेन्सहून आली आहे, असं अमेरिकन माणसाला मनापासून वाटत होतं. बाजारातल्या विटांच्या घरातून टेकडीवरच्या देवळात गेलेलं कोर्ट आता लोकांना वर बघायला लावत होतं.

या देवळाचा घात धुराने केला.

पिट्सबर्गच्या आसपासच्या टेकड्यांत दगडी कोळसा भरलेला. तो स्वस्त म्हणून चुलीत तोच, काचेच्या भट्टीत तोच, लोखंडाच्या कारखान्यात तोच. चिस्लेटच्या इमारतीचा दगड होता वालुकाश्म, घासून गुळगुळीत केलेला. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण कुठल्या तरी नैसर्गिक चिकट द्रव्याने एकमेकांना धरून बसलेले असतात. कोळशाच्या धुरात गंधक असतं. पाऊस आणि दव यांच्याशी मिळून त्याचं आम्ल होतं, आणि ते आम्ल कणांना धरून ठेवणाऱ्या द्रव्यावर हल्ला करतं. दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. आधी कोपरे झिजतात, मग नक्षी, मग खांबांच्या कडा. या दगडाच्या घडाईतही कसर राहिली होती, त्यामुळे झीज आणखीच वाढली. चाळीस वर्षांत इमारतीला म्हातारपण आलं. ७ मे १८८२ ला तिला आग लागली आणि त्यानंतर ती पाडण्याखेरीज मार्ग उरला नाही.

नाक असलेली इमारत

आता काउंटीच्या कारभाऱ्यांना हवं होतं आग आणि धूर दोन्हींना पुरून उरेल असं कोर्ट, आणि शेजारी तुरुंग. त्यांनी पाच वास्तुविशारदांना बोलावून स्पर्धा घेतली. जानेवारी १८८४ च्या शेवटी निकाल लागला. निवड झाली बॉस्टनजवळ राहणाऱ्या हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांची.

रिचर्डसन यांचा जन्म लुइझियानात १८३८ साली झाला. हार्वर्डमध्ये शिकून ते पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये गेले. तिथे वास्तुकला शिकणारे ते दुसरे अमेरिकन. बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चने त्यांचं नाव झालं. त्यांची शैली ओळखायची सोपी खूण म्हणजे कमान गोल असते.

इथे मुंबईकराला एक उदाहरण हाताशी आहे. मुंबई उच्च न्यायालयाची इमारत १८७८ ची, म्हणजे पिट्सबर्गच्या या कोर्टाच्या दहा वर्षं आधीची. तिच्या कमानी टोकदार. कर्नल फुलर यांनी ती गॉथिक पद्धतीने बांधली आणि गॉथिकमध्ये सगळा ओढा आकाशाकडे असतो. रिचर्डसन त्याच्याही मागे गेले, युरोपात टोकदार कमान येण्यापूर्वीच्या, अकराव्या-बाराव्या शतकातल्या फ्रान्स आणि स्पेनमधल्या चर्चकडे. त्या पद्धतीला रोमनेस्क म्हणतात. तिथे भिंती जाड, कमानी अर्धवर्तुळाकार आणि इमारत जमिनीत पाय रोवून बसलेली. दोन्ही कमानी काम एकच करतात. पाचरीसारखे कापलेले दगड एकमेकांवर रेलतात, वरचं वजन खाली न पडता दोन बाजूंना वाटलं जातं. गोल कमान बाजूला जास्त रेटते, म्हणून तिला शेजारी भक्कम भिंत लागते. रिचर्डसन यांना भक्कम भिंत हवीच होती.

दगड त्यांनी निवडला मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचा ग्रॅनाइट. ग्रॅनाइटचे स्फटिक एकमेकांत घट्ट अडकलेले असतात, चिकट द्रव्यावर त्यांची भिस्त नसते, त्यामुळे आम्लाला शिरकाव करायला फारशी जागा मिळत नाही. आणि हा दगड त्यांनी घासला नाही. दर्शनी बाजू खडबडीत, खाणीतून आत्ताच फोडून आणल्यासारखी ठेवली. काजळी बसणार आहेच, तर बसू दे. गुळगुळीत संगमरवरासारखी भिंत काळी झाली की मळकट दिसते. खडबडीत भिंत काळी झाली की ती जास्तच दांडगी वाटते. कोरीवकाम थोडं, सपाट आणि दगडात रुतलेलं. धुरात नाजूक नक्षी दिसणारही नव्हती आणि टिकणारही नव्हती.

आतली रचना आपल्याला परकी वाटणार नाही. सुमारे ३०० फूट लांब आणि २०० फूट रुंद इमारत, आणि मधे मोकळा चौक. चौसोपी वाडाच म्हणा. वाड्यात चौक कशासाठी असतो? बाहेरच्या बाजूला फार खिडक्या ठेवता येत नाहीत, तेव्हा उजेड आणि हवा मधून घ्यायची. पिट्सबर्गमध्ये अडचण बाहेरच्या गोंगाटाची आणि काजळीची. विजेचे दिवे नुकतेच येत होते, कोर्टात कागद वाचायचा तर खिडकीतला उजेडच खरा. चौकामुळे आतल्या दालनांनाही तो मिळाला. चौकाकडच्या भिंती रस्त्याकडच्या भिंतींपेक्षा साध्या आहेत, कमानींच्या नुसत्या रांगा एकावर एक. अनेक जाणकारांना दर्शनी बाजूपेक्षा हीच बाजू आवडते. मीही त्यांच्याच बाजूचा.

आणि मनोरा. लांबून पाहणाऱ्याला तो डौलासाठी बांधल्यासारखा वाटतो. १९०२ पर्यंत तो शहरातला सर्वांत उंच होता, म्हणजे डौलही होताच. पण तो इमारतीचं नाक होता. रस्त्याच्या पातळीवर धूर आणि काजळी दाट. म्हणून मनोऱ्याच्या माथ्यावरच्या झरोक्यांतून त्यातल्या त्यात बरी हवा आत घ्यायची, मनोऱ्याच्या पोकळीतून खाली ओढायची आणि इमारतीभर फिरवायची. सिंधमध्ये घरांच्या छपरांवर वारा पकडायचे मंघ असायचे, त्याच जातीची ही युक्ती, फक्त वाऱ्याऐवजी कमी काळ्या हवेच्या शोधात. चिस्लेटचं देऊळ ज्या धुराने खाल्लं, त्याच धुराने नव्या कोर्टाचा सर्वांत मोठा अवयव ठरवला.

आतला मुख्य जिना पाहण्यासारखा आहे. कमानीतून कमान, तिच्यामागे तिसरी, आणि त्यांच्यामधून वळत जाणाऱ्या पायऱ्या. छायाचित्रकार तिथे तासन् तास रेंगाळतात. त्यावर शब्द खर्च करत नाही, तो चढूनच बघायचा आहे.

पुलापलीकडे

कोर्टाच्या मागच्या रस्त्यापलीकडे तुरुंग, आणि दोघांना जोडणारा, रस्त्यावरून जाणारा दगडी बंदिस्त पूल. व्हेनिसमध्ये राजवाड्याला तुरुंगाशी जोडणारा पूल आहे, त्याला उसाशांचा पूल म्हणतात. पिट्सबर्गकरांनी तेच नाव इथे लावलं. नाव काव्यमय असलं तरी काम व्यवहाराचं. आरोपीला कोर्टात आणायचं तर लोकांच्या गर्दीतून, साक्षीदारांच्या आणि ज्युरीच्या नजरेसमोरून न्यावं लागू नये.

ज्युरी म्हणजे खटल्यातल्या वस्तुस्थितीचा निर्णय देणारे सामान्य नागरिक. भारतात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ही पद्धत संपवली. पारशी विवाहाच्या दाव्यांत ज्युरीसारखे प्रतिनिधी बसतात, तेवढाच तिचा अवशेष. अमेरिकेत मात्र कोर्टाची इमारत आखताना ज्युरीचा विचार आधी होतो. त्यांना बसायला वेगळी जागा लागते आणि दाराला कडी लावून चर्चा करायला वेगळी खोली. न्यायाधीश, आरोपी, ज्युरी, जनता, या चौघांच्या वाटा एकमेकींत शक्यतो मिसळू द्यायच्या नाहीत, हे कुठल्याही चांगल्या कोर्टाच्या नकाशाचं खरं कोडं असतं. पूल हे त्याचं एक उत्तर.

तुरुंगाचा नकाशा क्रुसासारखा. मधे अष्टकोनी दालन आणि तिथून फुटलेल्या लांब बाजू. मधे उभा असलेला पहारेकरी मान वळवली की सगळ्या बाजू पाहू शकतो. ही कल्पना रिचर्डसन यांची नाही. फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट तुरुंगाने १८२९ पासून ती जगभर पसरवली होती. त्यांचं स्वतःचं काय, तर भोवतालची भिंत. त्या भिंतीत जवळजवळ काहीच नाही. प्रचंड दगड एकावर एक आणि एखादी बुटकी, रुंद कमान. पण तिच्याजवळून चालताना आवाज आपोआप खाली येतो.

तुरुंग १८८६ मध्ये तयार झाला. त्याच वर्षी २७ एप्रिलला मूत्रपिंडाच्या आजाराने रिचर्डसन वारले. वय ४७. शेवटच्या काळात त्यांचा जीव या कामात अडकला होता. पिट्सबर्गचं कोर्ट आणि शिकागोतलं मार्शल फील्ड कंपनीचं घाऊक दुकान, या दोन इमारतींवरून आपली पारख व्हावी असं त्यांना वाटे. दोन्ही पुऱ्या झालेल्या त्यांनी पाहिल्या नाहीत. शिकागोची इमारत १९३० मध्ये पाडली. पिट्सबर्गची त्यांच्या कचेरीतल्या शिष्यांनी, शेप्ली, रुटन आणि कूलिज यांनी, १८८८ मध्ये पुरी केली. बांधकाम नॉरक्रॉस बंधूंचं, ट्रिनिटी चर्च बांधणारे तेच. खर्च साधारण साडेबावीस लाख डॉलर. काउंटीचं ते शंभरावं वर्ष होतं.

नक्कल लगेच सुरू झाली. मिनियापोलिसचं नगरगृह आणि काउंटी कोर्ट, टोरांटोचं जुनं नगरगृह, टेक्सासमधली कित्येक काउंटी कोर्टं, सगळीकडे गोल कमानी आणि खडबडीत दगड. कोर्ट म्हटल्यावर अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर ग्रीक देऊळ यायचं. पुढची दहा-पंधरा वर्षं दगडी गढी यायला लागली. देवळाऐवजी गढी म्हणजे कायद्याची प्रतिमा बदलली, असं पुस्तकं म्हणतात. असेलही. मला मात्र त्यात कोळशाचा आणि आगीच्या भीतीचा वाटा जास्त दिसतो.

फ्रिकची सावली

इमारत चार वर्षांची होते न होते तोच तिच्यात देश गाजवणारे खटले उभे राहिले. जुलै १८९२ मध्ये शेजारच्या होमस्टेड गावात कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात संप चिघळला. कंपनीने नदीतून आणलेले पिंकर्टन कंपनीचे भाडोत्री पहारेकरी आणि कामगार यांच्यात गोळीबार झाला, माणसं मेली. कामगार नेत्यांवर खुनाचे आणि राज्याविरुद्ध द्रोहाचे आरोप ठेवले. खुनाच्या खटल्यांत ज्युरीने कामगारांना सोडलं आणि द्रोहाचे खटले पुढे गेलेच नाहीत. त्याच महिन्यात अलेक्झांडर बर्कमन या अराज्यवादी तरुणाने कारखान्याचा प्रमुख हेन्री क्ले फ्रिक याच्यावर गोळ्या झाडल्या. फ्रिक वाचला. बर्कमनला २२ वर्षांची शिक्षा झाली.

दहा वर्षांनी फ्रिकने कोर्टाच्या बरोबर समोर, ग्रँट स्ट्रीटवर, डॅनियल बर्नहॅम यांच्याकडून वीसेक मजल्यांची पोलादी सांगाड्याची इमारत बांधून घेतली. शेजारच्या कार्नेगीच्या इमारतीला झाकोळण्यासाठी त्याने ती एवढी उंच केली, असं शहरात सांगतात. कोर्टही तिच्या सावलीत गेलं. स्वच्छ हवा शोधणारा मनोरा आता समोरच्या कचेऱ्यांच्या खिडक्यांच्या खाली आला.

तुरुंगाची गोष्ट याहून चटकदार. तुरुंगाधिकाऱ्याचं घर तिथेच होतं. जानेवारी १९०२ मध्ये तुरुंगाधिकारी पीटर सॉफेल यांची बायको केट हिने फाशीची शिक्षा झालेल्या एड बिडल आणि त्याचा भाऊ जॅक यांना पळून जायला मदत केली, आणि स्वतःही त्यांच्याबरोबर गेली. बर्फातून घसरगाडीवर. पोलिसांनी त्यांना गाठलं, गोळीबारात दोघे भाऊ जखमी होऊन मेले, केट वाचली आणि तिला कैद झाली. एवढ्या जाड भिंतीतून वाट निघाली ती अशी.

पायऱ्या

ग्रँट्स हिलचा चढ घोडागाड्यांच्या काळापासून शहराला खुपत होता. लोक त्याला ‘हंप’, म्हणजे उंटाचं मदारं, म्हणायचे. एकोणिसाव्या शतकात तो दोनदा छाटला. १९१२-१३ मध्ये शहराने शेवटचा हात मारला आणि रस्ता काही ठिकाणी १६ फुटांपर्यंत खाली नेला. विचार करा, आपल्या घरापुढचा रस्ता एक दिवस मजलाभर खाली गेला तर? कोर्टाचं दार हवेत लटकलं. फ्रिकच्या इमारतीचीही तीच गत. तिचं तळघर हाच आता तिचा पुढचा दिवाणखाना झाला.

कोर्टापुढे मग उंच दगडी पायऱ्या बांधल्या. त्या पंधराएक वर्षं टिकल्या. १९२० च्या दशकात मोटारी वाढल्या, ग्रँट स्ट्रीट रुंद करायचा ठरला, आणि रुंदीकरणात पायऱ्या गेल्या. काउंटीचे वास्तुविशारद स्टॅन्ली राउश यांनी रिचर्डसन यांच्या दाराच्या कमानी खाली रस्त्यापर्यंत ओढल्या. बाहेरून पाहिलं तर जोड फारसा कळत नाही, काम बेमालूम आहे. पण आत गेल्यावर कळतं. मूळ दालनात येऊन मान वर करणारा पाहुणा आता तळघरात शिरतो, मान खाली घालून.

जाता जाता शेजारच्या शवागाराचंही सांगतो, नाहीतर चुटपुट लागेल. ते फ्रेडरिक ऑस्टरलिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं. तुरुंग वाढवला तोही त्यांनीच, आणि दोन्हीकडे रिचर्डसन यांचाच दगडी थाट सांभाळला. १९२९ मध्ये काउंटीला त्या जागेवर नवी कचेरी हवी होती. शवागार पाडायचं जिवावर आलं, म्हणून अख्खी दगडी इमारत उचलून रुळांवरून सुमारे ३०० फूट सरकवली. अमेरिकेत एका रस्त्यासाठी पायऱ्या तोडतात आणि त्याच दशकात एका शवागारासाठी एवढा खटाटोप करतात.

आज काउंटीचे सगळे खटले याच इमारतीत मावत नाहीत. शेजारी १९१७ मध्ये पूर्ण झालेली शहर आणि काउंटीची एकत्रित इमारत आहे, तिथेही कोर्टं भरतात. तुरुंग १९९५ मध्ये बंद झाला, कैदी नदीकाठच्या नव्या इमारतीत गेले, आणि जुन्या तुरुंगात आता कौटुंबिक न्यायालय चालतं. कोठड्यांचा एक भाग जसाच्या तसा ठेवून त्याचं छोटं संग्रहालय केलंय. मुलांच्या ताब्याचे वाद जिथे चालतात त्याच्या शेजारीच लोखंडी गजांच्या कोठड्या, हे कुणी ठरवून केलं असेल असं वाटत नाही.

धूरही गेला. १९४१ चा धूरनियंत्रणाचा कायदा महायुद्धानंतर खरोखर अमलात आला आणि दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागणारं शहर हळूहळू दिसायला लागलं.

चौकाचं मात्र बरं झालं. काही काळ तिथे गाड्या उभ्या करत. १९७० च्या दशकात गाड्या हटवून झाडं लावली, कारंजं केलं, बाकं टाकली. पिट्सबर्गला तुमचं कुणी असेल आणि कामाच्या दिवशी जाणं झालं, तर सुरक्षा तपासणी ओलांडून बुटक्या दालनात थांबू नका. आतल्या जिन्याने एक मजला चढा. रिचर्डसन यांना पाहुण्याचं पहिलं पाऊल जिथे पडायला हवं होतं, ती जागा तिथे आहे. मग खाली चौकात या. दुपारच्या सुट्टीत वकील, कारकून आणि ज्युरीची चिठ्ठी आल्यामुळे दिवस बुडवून आलेले नागरिक एकाच बाकावर डबे उघडून बसलेले असतात, आणि मान मागे टाकली की मनोऱ्याच्या माथ्यावरचे झरोके दिसतात.